आणखी कोण मोकळं हाय?

आमच्या तालमीनं ढाली काही फार मिळवल्या नाहीत. किस्से मात्र पोत्यानं! आता मी पुण्यात मुलीकडं राहतो. इथल्या बागेत बाकावर बसून कधी सुरुवात केली, की कुणीतरी हटकून विचारतो, "कोल्हापुरात फुटबॉल? तिथं कुस्ती ना?" मग माझा मूडच जातो. ज्यांच्यासोबत हे किस्से घडले ते निम्मे गेले, उरलेल्यांना फोनवर ऐकू येत नाही. तुम्ही आज बसलाच आहात, तर चहा येईपर्यंत ऐका.

आमच्याकडं पेठेपेठेला तालीम, आणि प्रत्येक तालमीचा फुटबॉलचा संघ. सत्तर-ऐंशीच्या सुमाराचं सांगतोय. दिवाळी झाली की खेळाडूंची नोंदणी. एकदा सही केली की वर्षभर त्याच तालमीचा. ज्याची सही कुठंच झाली नाही, तो 'मोकळा'. अशी मोकळी पोरं हुडकायची, पारखायची आणि घ्यायची, हे आमच्या निवड समितीचं काम.

समिती तिघांची. मी शाळामास्तर, अक्षर बरं म्हणून सेक्रेटरी. दुसरा महिपतीदादा, आठ म्हशींचा मालक. नव्या खेळाडूला रोज सकाळी दादाच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध, एवढंच आमचं मानधन. आणि तिसरे आबा मिस्त्री.

आबा शिरोलीला फौंड्रीत पॅटर्न बनवायचे, म्हणजे साच्यासाठी लागणारा लाकडी नमुना. सुतासुताचा हिशेब नजरेनं करणारा माणूस. पोरगं मैदानात चालत आलं, तरी आबा सांगायचे, हा डाव्या पायानं मारणार. आणि तो मारायचा! एकदा 'नको' म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नको. बोलणं मोजकं आणि तिखट. असला माणूस मला पुन्हा भेटला नाही.

*

एका वर्षी पेठ वडगावचा एक फॉरवर्ड ट्रायलला आला. गोरापान, केसांचा कोंबडा काढलेला. पंधरा मिनिटांत तीन गोल! महिपतीदादानं तिथंच त्याला दुधाचा शब्द देऊन टाकला. आबा म्हणाले, नको. का, तर पोरगं गोल मारल्यावर चेंडूकडं बघत नाही, समोरच्या गच्चीकडं बघतंय.

आम्ही दोघांनी मिळून आबांचं म्हणणं हाणून पाडलं आणि पोराला घेतलं. पहिल्या दोन मॅचेस झकास खेळला. तिसऱ्या महिन्यात त्याच गच्चीवाल्यांचा जावई झाला आणि सासऱ्याच्या कापडदुकानात गल्ल्यावर बसला. पुन्हा चेंडूला पाय म्हणून लावला नाही.

महिपतीदादा लग्नात जेवताना फुरंगटून बसला होता. आबांनी त्याच्या पानात स्वतः जिलेबी वाढली. "खा. तुझ्याच दुधावर वाढलेला नवरदेव हाय."

*

आता आबांची नजर कधी चुकलीच नाही असं नाही. जोतिबाच्या डोंगरावर गेलतो आम्ही तिघं. तिथं एक पोरगा नारळाची गाडी उतरवून घेत होता. वरचा माणूस नारळ भिरकावतोय, हा खाली एकेका हातानं झेलून ढिगावर ठेवतोय. आबा दर्शन विसरले. दहा मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, फॉर्म काढा."

पोरानं आयुष्यात गोलपोस्ट बघितली नव्हती. पण गोलकीपर असा निघाला, की सेमीफायनलपर्यंत आमच्यावर एकच गोल झाला. सेमीफायनल रविवारी. अख्खी पेठ मैदानावर हजर, गोलकीपर गायब!

माघातला रविवार होता. जोतिबाला खेट्याची गर्दी, लोक पहाटेपासून चालत डोंगरावर. असल्या दिवशी नारळाचं दुकान सोडून कोण खाली येतंय? शेवटी महिपतीदादा गोलमध्ये उभा राहिला. पाच गोल खाल्ले. दुसऱ्या दिवशी पोरगा गुलालानं माखलेला, हातात प्रसाद घेऊन तालमीत हजर. आबांनी प्रसाद घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाले, "हात बघितलं, वार बघायचा ऱ्हायला."

*

हसताय, हसा. पण आबांच्या जिवाला एक गोष्ट लागलेली होती, आणि ती सगळ्या पेठेला माहीत होती. त्यांचा थोरला मुलगा, सदा.

सदा आमच्याकडंच खेळायचा. एका वर्षी यादीत शेवटची एकच जागा उरली आणि मोकळे दोघं, सदा आणि शेजारच्या गल्लीतला एक पोरगा. आम्ही दोघं आबांच्या तोंडाकडं बघतोय. आबांनी सदाच्या नावावर काट मारली. "वळायला येळ लावतोय," म्हणाले. मला आजही वाटतं, सदा त्यांचा मुलगा नसता तर घेतला असता.

तासाभरात सदा सायकल काढून पलीकडच्या पेठेत गेला आणि तिथल्या तालमीकडून सही करून आला. पुढं आठ वर्षं तो आमच्याविरुद्ध खेळला. पहिल्याच मॅचला आमच्यावर दोन गोल, आणि दोन्ही वळून मारलेले!

बापलेक एकाच घरात राहायचे, एका पंगतीला जेवायचे. म्हशी, ऊस, फौंड्री, पाहुणेरावळे, सगळं बोलणं व्हायचं. फुटबॉल सोडून. सदाची आई मला म्हणाली होती, "मास्तर, दोघांच्या ताटात वाढतीया खरं, मधी एक चेंडू बसलाय बगा."

दरवर्षी नोंदणीची यादी पुरी झाली, की आबा चष्मा काढून विचारायचे, "आणखी कोण मोकळं हाय?" आम्हाला कळायचं कुणाबद्दल विचारतायत. आम्ही म्हणायचो, कुणी नाही. "बरं," म्हणायचे आणि उठायचे. ते 'बरं' ऐकवत नव्हतं राव.

*

महिपतीदादाला एकदा राहवलं नाही. चरवी भरून दूध घेऊन तो थेट सदाकडं गेला. सदा तेव्हा पॉवरहाऊसजवळच्या वर्कशॉपात लेथवर होता. यंदा परत ये, दादा म्हणाला, आबांनी बोलून नाही दाखवलं तरी त्यांचा जीव तुझ्यात अडकलाय.

सदानं सगळं ऐकून घेतलं. चरवी तोंडाला लावली, निम्मी केली, मिशी पुसली. "दूध एक नंबर हाय, दादा. पण मला ज्यानं काढलं, त्यानं बोलवावं."

दादानं हे आबांच्या कानावर घातलं. आबा रंधा मारत होते. रंधा थांबला नाही. "बोलवायला त्यो काय पावणा हाय? घरातच ऱ्हातोय की."

झालं! दोघंही एकाच लाकडाचे. महिपतीदादा रिकामी चरवी घेऊन माझ्याकडं आला आणि चक्क रडला.

*

मॅचच्या दिवशी आबा आमच्या लोकांत बसायचे, पण शेवटच्या पायरीवर, एका कडेला. एकदा भर उन्हात मॅच, बरोबरीत चाललेली. सदानं मधल्या रेषेपासून चेंडू काढला, आमचे तिघं चकवले आणि कोपऱ्यात असा ठेवला, की आमचा गोलकीपर नुसता बघत राहिला. आमच्या बाजूला चिडीचूप. आणि त्या शांततेत एक टाळी वाजली.

एकच. सगळी पायरी मागं वळली. आबांचे दोन्ही हात अजून जुळलेले!

कुणीतरी खवळून म्हणालं, "आबा, गोल आपल्यावर झालाय!"

आबांनी तळहात उघडून बघितले, धोतराला पुसले. "डास हुता," म्हणाले.

त्या दिवशी आम्ही हरलो. पण परत येताना रस्ताभर कुणी आबांना काही बोललं नाही. उलट दोघातिघांनी डास फार झालेत म्हणून महापालिकेला शिव्या घातल्या. अशी माणसं होती हो. कुठं मिळतील आता?

*

मग एका वर्षी सदाच्या गुडघ्यानं दगा दिला. पलीकडच्या तालमीनं त्याला यादीतून काढलं. वय तेहतीस, कानाजवळ पिकलेलं. मोकळा झाला होता, पण अशा मोकळ्याला कोण घेतंय?

आमच्या ट्रायलचा दिवस. सकाळी आठला पंधरा-वीस पोरं मैदानावर जमलेली. आबा सायकलवरून आले, आणि मागं कॅरिअरवर सदा. बूट मांडीवर धरलेले. घरात काय बोलणं झालं, देव जाणे. आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. सदा उतरला आणि रांगेत शेवटी जाऊन उभा राहिला.

आबांनी त्याला काही सूट दिली नाही. सगळ्यांसारखं पळवलं, दगडांना वळसे घालायला लावले, डाव्या पायानं पाच फटके मारायला लावले. वळताना तो लंगडत होता. तीन फटके बाहेर गेले. महिपतीदादा खाली मान घालून गवत उपटत बसला. दुसरा कुणी असता, तर त्याच्या नावावर मीच काट मारली असती.

नंतर आम्ही तिघं पायरीवर फॉर्म भरायला बसलो. सदाची पाळी आली. तो समोर उभा. नाव लिहिलं, वय लिहिलं. वडिलांचं नाव लिहिताना वडील खांद्याला खांदा लावून बसलेले, मलाच अवघडल्यासारखं झालं. मग विचारलं, "आधीचा संघ?"

पलीकडच्या तालमीचं नाव सांगायचं सोडून सदा म्हणाला, "हाच."

मी लिहिलं. त्याखाली एक रकाना होता, 'संघ सोडण्याचे कारण'. तो मी नेहमी कोराच ठेवायचो. पान उलटायला लागलो, तर आबांनी त्या रकान्यावर बोट ठेवलं.

"हितं लिवा की मास्तर."

"काय लिहू आबा?"

सदानं खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. आबांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"लिवा. बघणाऱ्याचं चुकलं."

मी लिहिलं. फॉर्मच्या तळाशी निवड समितीची सही लागते, ती एरवी सेक्रेटरी म्हणून मीच करायचो. आबांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि ती त्यांनी केली.