माळ्यावर चढवलेली मोटर

नदीकाठच्या आमच्या गल्लीत शोभावहिनींची पिठाची गिरणी आहे. त्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. मी दळण घेऊन गेलो, तर वहिनी गिरणीच्या मोटरचे नट सोडवत होत्या. वर छताला साखळीची कप्पी टांगलेली होती.

"धरणातून पाणी सोडणार म्हणतात," त्या म्हणाल्या. "मोटर माळ्यावर घेते."

समोरचे किराणावाले अण्णा हसले. "अहो वहिनी, नदी अजून घाटाच्या खाली आहे!"

"नाही आलं पाणी, तर मोटर पुन्हा उतरवीन. आलं, तर मग काय करू?"

बोलण्यात भीती नव्हती. आभाळ भरून आलं की दोरीवरचे कपडे काढावेत, तितक्या सहज त्या साखळी ओढत होत्या. संकटाची तयारी म्हणजे धास्ती, असं आपण उगाच समजतो. ते एक घरकामच असावं. वेळेवर झालं की कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

पाणी आलं. दुकानांत कमरेच्या वर चढलं आणि सावकाश ओसरलं. अण्णांचा सगळा माल चिखलात गेला. वहिनींनी गिरणीचे दगड धुऊन वाळवले, मोटर खाली घेतली. वीज आली त्या सकाळी गिरणी सुरू झाली आणि मदतीत मिळालेले गहू घेऊन सगळी गल्ली रांगेत उभी राहिली.

अण्णांचा डबा भरला, तरी ते निघेनात. दोन्ही हात त्या गरम पिठात घालून तसेच थांबले.

"वहिनी," ते म्हणाले, "इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी कोरडं हाताला लागलं."