गाडी वळवा

इटालियन चित्रपट मी मुंबईत कधी पाहिला नव्हता. आमची शाळा कॉन्व्हेंटची, वसतिगृहही नन्सचंच. तिथे वर्षातून एकदा एखाद्या संताचं आयुष्य पडद्यावर दाखवत आणि मग लवकर झोपवत. मोटारीत बसून हातवारे करत भांडणारी इटालियन माणसं मी पहिल्यांदा पाहिली ती दुबईत, खाडीपलीकडच्या देरा भागातल्या उघड्या थिएटरात. या मुलखाला तेव्हा आजचं नावही नव्हतं.

थिएटर म्हणजे चार भिंती. एका भिंतीला चुना फासून तिचाच पडदा केलेला. पुढे बाकं, मागे फॅमिलीवाल्यांसाठी खुर्च्या. एरवी हिंदी पिक्चर असायचे, पण आठवड्यातल्या एका संध्याकाळी मालक कुठून तरी मिळवलेली इटालियन रिळं लावायचा. त्या दिवशी बाकं निम्मी रिकामी असत. भाई मात्र चुकवत नसत, कारण त्यांत गाड्या असायच्या. भाई म्हणजे माझे थोरले भाऊ. मोटारींचे सुटे भाग मागवणाऱ्या पेढीत ते कामाला होते. वडील गेल्यावर मला त्यांनीच शिकवलं. ते माझ्याशी वाईट वागले असं कधी झालं नाही. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो, एवढंच. समोर ताट ठेवायचं, चहा ठेवायचा, विचारलं तर ‘हो’ म्हणायचं.

पडद्याच्या खाली इंग्रजी अक्षरं यायची आणि भराभर जायची. भाईंचं इंग्रजी ऑफिसपुरतं, भाभीला ते अजिबात येत नव्हतं. म्हणून मी दोघांच्या मध्ये बसून अक्षरं वाचायची आणि हळू आवाजात आपल्या भाषेत सांगायची, अशी पद्धत पडून गेली. घरात दिवसभर दहा शब्द न बोलणारी मी तिथे नवऱ्याचं, बायकोचं, चोराचं, पाद्र्याचं, सगळ्यांचं बोलायची. चुंबनाच्या आसपासची वाक्यं तेवढी गाळायची. भाभीला ते बरोबर कळायचं.

“काय गो, इतका वेळ ओठ हलवतोय, काहीच बोलला नाही?”

“नमाजाची वेळ झाली म्हणतो,” मी म्हणायची, आणि भाभी पदरात तोंड घालून हसायची.

त्या चित्रपटांची मला ओढ का लागली, ते सांगणं सोपं नाही. विनोद तर पुष्कळदा साधेच असायचे. टायर पंक्चर होतो, सासू पेट्रोल पंपावरच राहून जाते, कोंबडी सुटते. भाभी म्हणायची, “यांना घरात काही कामं नाहीत का?” मला ओढ होती ती रस्त्याची. दोन्ही बाजूंना झाडं असलेला सरळ डांबरी रस्ता, आणि गाडीत शेजारी शेजारी बसलेली माणसं. ती एकमेकांच्या तोंडाकडे बघत नसत, समोर बघत. मला वाटायचं, म्हणूनच त्यांना एवढं बोलता येतं. घरात वर्षानुवर्षं गिळलेलं ती दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर बोलून टाकत, मोठ्याने, आणि त्यावर लोक हसत. पण हसून झाल्यावर जीव उदास व्हायचा. परतताना बोटीतून खाडी ओलांडत असताना आम्ही तिघंही गप्प असायचो.

एका चित्रपटात एक म्हातारा पाववाला आपल्या पावाच्या गाडीतून मुलीला लग्नासाठी दुसऱ्या गावी घेऊन जात असतो. निम्म्या वाटेवर मुलगी समोर बघत म्हणते, “मला त्या माणसाशी लग्न नाही करायचं. गाडी वळवा.” म्हातारा भर रस्त्यात ब्रेक दाबतो. मागच्या गाड्या भोंगे वाजवतात, ड्रायव्हर उतरून येतात आणि प्रत्येक जण आपलं मत देतो. शेवटी म्हातारा चिडून गाडी खरंच वळवतो. मी ते वाक्य सांगितलं तेव्हा भाई खोकला येईपर्यंत हसले.

“बरं सांगितलंन बापाला!”

माझ्या मनात ते वाक्य तिथेच राहिलं. कारण त्याच महिन्यात माझं ठरत होतं. मुलगा आमच्याच रत्नागिरीकडचा, अबुधाबीत तेलाच्या कामावर स्टोअरकीपर. तो वाईट होता असं मी म्हणणार नाही, मला तो माहीतच नव्हता. मुंबईत माझी इंटर झाली होती. बी.ए.च्या वर्गात जून महिन्यात जागा ठेवते, असं कॉलेजच्या प्रिन्सिपॉल मदरनी सांगितलं होतं. मला परत जायचं होतं. एवढंच होतं, आणि तेवढंच मला सांगता येत नव्हतं.

आमच्यात मुलाकडचे मुलगी बघायला येतात. पण मुलाच्या आईचं कंबरेचं हाड मोडलेलं होतं, त्या वाटेचे हादरे तिला सोसले नसते. म्हणून आम्हीच निघालो. भाभीला ते मुळीच आवडलं नव्हतं. “पोर घेऊन आपणच दारात जायचं? गावात कळलं तर हसतील.”

“इथे कुठे गाव आहे?” भाई म्हणाले.

एकदा मुलाच्या आईने माझ्या तोंडात साखर घातली की बोलणी पक्की. त्यानंतर ‘नाही’ म्हणणं म्हणजे भाईंची मान खाली घालणं. म्हणजे जे सांगायचं ते वाटेतच सांगायला हवं होतं.

वाट कसली, समुद्राकाठची ओली वाळू आणि आधी गेलेल्या गाडीच्या चाकांच्या खुणा. गाडीत पुढे बलुची ड्रायव्हर आणि भाई. मागे समोरासमोरच्या फळ्यांवर भाभी आणि मी, पुढच्या सीटच्या आणि आमच्या मध्ये कापडाचा पडदा. इंजिनाच्या आवाजात भाभीचंही बोलणं मला ऐकू येत नव्हतं. पुढे भाईंचं डोकं तेवढं पडद्यावर सावलीसारखं हलत होतं.

दुपारी भरतीचं पाणी वाटेवर चढलं. ड्रायव्हरने गाडी आतल्या बाजूला घेतली आणि ती रुतली. त्या जमिनीवर मिठाचा कोरडा पापुद्रा असतो आणि खाली चिखल. त्याने टायरांतली हवा कमी केली, चाकांखाली फळ्या टाकल्या, शिव्या दिल्या आणि शेवटी म्हणाला, “खलास. पानी उतरने दो.”

गाडीच्या सावलीत आम्ही चटई टाकून बसलो. भाई माझ्या शेजारी बसले. दोघं समुद्राकडे बघत होतो. असं शेजारी आम्ही थिएटराबाहेर कधी बसलो नव्हतो. माझ्या हातात खजुराचा डबा होता. माझं स्वतःचं वाक्य मला सुचेना. जे तोंडात तयार होतं तेच मी म्हटलं, थिएटरात सांगायची त्याच हळू आवाजात.

“मला त्या माणसाशी लग्न नाही करायचं. गाडी वळवा.”

भाई हसले. अगदी मनापासून, मान मागे टाकून.

“ऐकलंस का?” ते भाभीला म्हणाले. “पाववाल्याची पोर! अगदी तस्सं बोलली. पाठ आहे हिला सगळं.”

भाभी हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मला पुन्हा म्हणता आलं असतं. ‘भाई, हे माझं आहे’ एवढंच. मी तोंड उघडलंही. भाई अजून हसत होते. इतके खूश ते मला क्वचित दिसायचे. पाणी उतरू लागलं होतं. ड्रायव्हरने हाक मारली, “यल्ला, यल्ला!” आणि भाई बाही वर करून गाडी ढकलायला उठले.

अबुधाबीतल्या त्या घराच्या दारात भाभीने भाईंची बाही धरली. ती कुजबुजत होती, पण मी तिच्या मागेच उभी होते.

“पोरीला एकदा विचारलंत?”

“काय विचारायचं? वाटेत मस्करी करत होती. राजी नसती तर मस्करी सुचली असती?”

भाईंना खरंच कळलं नव्हतं, की हसून टाकणं त्यांना सोपं वाटलं, हे मला आजही ठरवता येत नाही. ते वाईट नव्हते, हे मी वर लिहिलं आहेच.

आत खाटेवर मुलाची आई उशांना टेकून बसली होती. गोरी, थकलेली बाई. तिने मला जवळ बसवलं, हनुवटी धरली, माझ्या बुटांना चिकटलेला चिखल पाहिला आणि तिला वाईट वाटलं.

“फार हाल झाले गो तुझे. बोलत नाही काय ही?”

“कमी बोलते,” भाई कौतुकाने म्हणाले. “शिकलेली आहे.”

“बरं आहे,” ती म्हणाली, आणि वाटीतली साखर चिमटीत घेतली. तिच्या हाताला औषधाचा वास होता. भाभीचा तळवा माझ्या पाठीवर टेकला, पण तिने मला ना पुढे ढकललं ना मागे ओढलं. मी तोंड उघडलं.