शिट्टीबाईंचा वरचा मजला

तिचं सगळं लहानपण भाड्याच्या घरांत गेलं. वडिलांची नोकरी बदलीची, त्यामुळे एका गावात मैत्रिणी जमल्या न जमल्या तोच बिछाने गुंडाळायची वेळ यायची. त्यातून एक विद्या तिच्या अंगात पक्की मुरली, ती म्हणजे भाडेकरूनं कसं राहावं याची. जिना चढताना टाच टेकवायची नाही. भिंतीला खिळा मारायचा नाही. नळ गळायला लागला तर आधी आपणच फडकं बांधून बघायचं. आणि मालक समोर आला की आपण होऊन हसायचं, मग तो हसो वा न हसो.

लग्न झालं, मुलं झाली, तरी ही विद्या तिला पुरत होती. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. ती शहरात चष्म्याच्या दुकानात होती, मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम. त्यांचं घर हमरस्त्यावर होतं. एकदा तिचा धाकटा चेंडूमागे थेट रस्त्यात धावला आणि एका टेम्पोनं करकचून ब्रेक दाबला. पोराला खरचटलंही नाही, पण त्या दिवशी नवरा घरी होता आणि त्यानं ते डोळ्यांनी पाहिलं.

"मी दिवसभर दुसऱ्यांची पोरं चुकवत गाडी हाकतो," तो म्हणाला. "माझं पोर दुसऱ्यानं चुकवावं म्हणून नशिबावर नाही सोडणार मी. इथून निघायचं."

म्हणून ते डोंगराच्या पायथ्याशी आले. बसचा तो शेवटचा थांबा. तिथून पुढे एक गल्ली वर चढत जायची आणि डोंगराला टेकून संपायची. गल्ली पुढे कुठेच जात नसल्यानं तिथे गाडी यायची ती तिथल्याच कुणाची. फाटकाफाटकाशी मुलांच्या सायकली आडव्या पडलेल्या, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर, आणि घरं सगळी दुमजली.

त्यातल्या एका घराचा वरचा मजला रिकामा होता. मालकीणबाई खाली राहायच्या. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या, अंगानं काटक, आवाज मैदानावरचा. गळ्यात अजून शिट्टी. गल्लीत कुणी गाडी जोरात आणली की त्या फाटकात येऊन ती फुंकायच्या. सगळी गल्ली त्यांना शिट्टीबाई म्हणायची, त्यांच्या माघारी अर्थात.

"मुलं किती?" बाईंनी विचारलं.

"दोन. मुलगी मोठी आहे, शहाणी आहे."

"आणि मुलगा?"

"तोही शांत आहे, बाई."

त्याच क्षणी शांत मुलानं जिन्याच्या मधल्या पायरीवरून खाली उडी ठोकली. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "गुडघे वाकवून पडायचं रे," त्या म्हणाल्या, "नाहीतर पाय मोडेल." आणि घर मिळालं.

राहायला आल्यावर पहिले काही महिने मुलांना स्वर्ग दोन बोटं उरला. संध्याकाळी डोंगरावरून गार वारा सुटला की गल्लीतली झाडून सगळी पोरं रस्त्यावर. कधी पहाटे हरणं उतरून कुणाच्या तरी वाफ्यातली भाजी फस्त करून जायची आणि मग दिवसभर त्याची चर्चा. रविवारी डोंगर चढायला आलेली माणसं फाटकांसमोर गाड्या लावून जायची, तेव्हा शिट्टीबाईंना उसंत नसायची.

पण घराच्या आत तिला कायम दडपण असे. वर जरा पाऊल वाजलं की खालून बाई झाडूच्या दांड्यानं छताला ठोकायच्या. ठक ठक. मुलगा धावला, ठक ठक. खुर्ची सरकली, ठक ठक. ती मुलांवर डोळे वटारायची, मोज्यांवर मोजे घालायला लावायची. धाकटा तर पुढे पुढे घरात चोरासारखा चवड्यांवर चालायला शिकला. हे नवऱ्याला रुचायचं नाही. "आपण घर भाड्यानं घेतलंय की श्वास?" तो म्हणायचा. ती त्याला गप्प करायची. गल्लीतही तिला नाव नव्हतं. सगळे तिला "वरची" म्हणायचे. शिट्टीबाईंची वरची.

तिच्या स्वयंपाकघराची खिडकी मागे डोंगराकडे उघडायची. तिथून एक ओढा खाली यायचा आणि गल्लीच्या वरच्या टोकाला रस्त्याखालच्या पुलाच्या नळात शिरायचा. भांडी घासताना तिला रोज दिसे, नळाच्या तोंडाशी फांद्या अडकत होत्या, त्यावर पाला, त्यावर आणखी फांद्या. एकदा बसथांब्यावर तिनं ते बेकरीवाल्याच्या कानावर घातलं. बेकरीवाला गल्लीतल्या घरमालकांच्या मंडळाचा अध्यक्ष होता, मनानं साधा माणूस, पण कायम घाईत.

"बाईंना सांगा, त्या मीटिंगमध्ये मांडतील," तो म्हणाला आणि बसमध्ये चढला.

बाईंना सांगायचं म्हणजे त्यांचं दार वाजवायचं. आज सांगू, उद्या सांगू करत ते राहूनच गेलं.

त्या वर्षी पाऊस असा लागला की थांबायचं नावच घेईना. एका शनिवारी दुपारी ती मुलांना वाढत होती. नवरा बाहेरगावी होता. मागून खडखड असा आवाज आला, दगड एकमेकांवर आपटल्यासारखा. तिनं खिडकीतून पाहिलं तर ओढा नळात शिरतच नव्हता. तो तुंबून, रस्त्यावर चढून, गढूळ होऊन गल्लीनं खाली येत होता, आणि पहिलं घर त्यांचंच होतं.

ती जिना उतरून धावली. दार वाजवत न बसता तिनं ते ढकललं. आत घोट्याइतकं पाणी. शिट्टीबाई सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या.

"बाई, वर चला."

"पाणी येतं आणि जातं. तू मुलांकडे बघ."

"ओढा तुंबलाय, बाई! हे जाणार नाही!"

"ओरडतेस कुणावर?"

"तुमच्यावर!" ती म्हणाली. "उठा आधी!"

आयुष्यात कुठल्याही घरमालकावर तिनं आवाज चढवला नव्हता. बाई इतक्या चकित झाल्या की खरंच उठल्या. तेवढ्यात मागचं दार आत कोसळलं आणि चिखलाचा लोंढा खोलीत घुसला. बाईंचा तोल गेला, चष्मा उडाला. तिनं त्यांच्या काखेत हात घातला आणि दोघी भिंतीला धरत, गुडघाभर पाण्यातून कशाबशा जिन्यापर्यंत आल्या. मुलीनं वरून हात दिला. वर पोचल्यावर बाई खुर्चीत बसल्या आणि खालचा सोफा दाराला आपटल्याचा आवाज ऐकत राहिल्या.

माणसं वाचली, गल्लीत कुणाला इजा झाली नाही. पण खालचा मजला राहण्याजोगा उरला नाही. भिंती वाळायला, फरशी उखडून नवी घालायला महिने लागणार होते. बाईंना मूलबाळ नव्हतं. त्या कुणाकडे जाणार असा प्रश्न कुणी विचारायच्या आत तिनं मुलीच्या खोलीत दुसरी खाट टाकली.

चष्म्यावाचून बाईंना दाराची कडीही धड दिसत नव्हती. त्यांचा जुना चष्मा तिच्याच दुकानातला होता. कामावर गेल्या गेल्या तिनं तिथल्या नोंदीवरून त्यांच्या नंबरच्या काचा काढल्या, घासल्या, फ्रेमला बसवल्या आणि संध्याकाळी घरी आणल्या. बाईंनी चष्मा लावून आधी तिच्याकडे, मग तिच्या घराकडे नीट बघितलं. भाडं सुरू झाल्यापासून त्या वर आल्याच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्वयंपाकघरात जायला निघाल्या आणि जागच्या जागी थांबल्या. पाऊल टाकलं, जमिनीची लाकडी फळी करकरली. दुसरं टाकलं, परत करकर.

"मी इतकी हळू चालतेय तरी वाजतेय!"

"हो, बाई."

"म्हणजे पोरगा धावत नव्हता?"

"कधी कधी धावायचा. बाकी फळीच."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

ती पोळपाट पुसत होती. "तुम्ही ठोकायचात, विचारायचात कुठे?" ती म्हणून गेली आणि मग तिचं तिलाच नवल वाटलं. दुपारी धाकट्याला बोलावून बाईंनी त्याच्या पायांतले जाड मोजे काढायला लावले.

एकत्र राहणं सोपं नव्हतंच. बाई उजाडायच्या आत सगळ्यांना उठवायच्या, मुलांना गच्चीत कवायत करायला लावायच्या, भाजीत मीठ कमी म्हणून सांगायच्या. नवरा फेरीवरून घरी आला की त्याला आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटायचं. पण मुलीला बाई भावल्या. ती दोरीवरच्या उड्या शिकली, शाळेच्या शर्यतीत उतरली, आणि संध्याकाळी दोघींच्या खोलीतून हसण्याचे आवाज यायला लागले.

खालचं काम संपत आलं तेव्हा एक दिवस जेवताना बाई म्हणाल्या, "मी आता वरच राहीन म्हणते. माझे पाय चांगले आहेत, जिन्याचं मला काही नाही. पण ते पाणी परत खोलीत आलेलं मला बघवणार नाही. खालचा मजला तुम्ही घ्या. मोठा आहे, अंगण आहे, पोरांना नाचू दे हवं तेवढं."

नवऱ्यानं हातातला घास ताटात ठेवला. बाई झोपायला गेल्यावर तो दबक्या आवाजात फणफणला. "वा! कोरड्यात त्या आणि पाण्यात आम्ही! पोरांसाठी इथे आलो ना आपण? मग पोरं ओढ्याच्या तोंडी द्यायची? तू हो म्हणालीस तर मी दुसरं घर बघतो."

त्याचं काही चुकत नव्हतं. पण बाई लबाडी करत होत्या असंही तिला वाटेना. भ्यालेलं माणूस आधी स्वतःपुरतं बघतं. दिवसभर काचा घासताना तिच्या डोक्यात तेच. पूर्वीची ती असती तर एक तर मुकाट्यानं खाली गेली असती, नाहीतर मुकाट्यानं घर सोडलं असतं. दोन्हीत बोलायला लागत नाही.

संध्याकाळी ती बाईंसमोर बसली. "बाई, खाली जायला मी तयार आहे. पण आधी पुलाखालचा तो नळ मोठा झाला पाहिजे. तो तसाच असेल तर आम्ही वरही राहणार नाही."

"मला अट घालतेस?"

"हो."

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाल्या, "रविवारी मीटिंग आहे. चल माझ्याबरोबर. तूच सांग."

मीटिंग शाळेच्या हॉलमध्ये होती. पुराचाच विषय, त्यामुळे गर्दी चांगली. ती उभी राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "इथे मालकांनी बोलायचं असतं. भाडेकरूंनी आपल्या मालकांतर्फे सांगावं." ती खाली बसणार, एवढ्यात शिट्टी वाजली. बंद हॉलमध्ये ती अशी वाजली की पुढच्या रांगेतल्या एका बाळानं भोकाड पसरलं.

"मालकीण मी आहे," शिट्टीबाई म्हणाल्या. "आणि माझ्यातर्फे ही बोलणार. बोल गं."

ती बोलली. खिडकीतून काय दिसायचं, फांद्या कशा साठत गेल्या, पाणी कुठून फुटलं. भाषण असं नव्हतंच, आणि मध्ये एकदा ती अडखळली. तेव्हा बेकरीवाला अध्यक्ष आपल्या जागेवरून म्हणाला, "मला बोलली होती ही. बसथांब्यावर. मी दुसऱ्यावर ढकललं." मग कामाचं बोलणं सुरू झालं.

नगरपालिकेच्या खेपा घालायला बेकरीवाला आणि शिट्टीबाई असे दोघं निघाले. ही जोडी दारात दिसली की तिथले कारकून हातातलं काम टाकायचे म्हणे. पुढचा पाऊस लागायच्या आत जुना नळ काढून रुंद पूल झाला, तोंडाला जाळी बसली, आणि जाळी साफ करायची पाळी घरटी लावली गेली. वरच्या मजल्यांना धरून. नवरा स्वतः पुलावर कमरेवर हात ठेवून उभा राहिला, खाली उतरून आत डोकावून आला आणि म्हणाला, "माझा ट्रक जाईल यातून." हा त्याचा होकार.

ते खाली आले. धाकटा मनसोक्त धावला. आता सकाळी डोक्यावर बाईंच्या दोरीवरच्या उड्या सुरू झाल्या, त्यानं दिवा हलायचा. एका सकाळी ती वर गेली, बेल वाजवली आणि म्हणाली, "बाई, उड्या गच्चीत मारा ना." बाई गच्चीत जायला लागल्या. इतकं ते सोपं होतं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी असते, बाईंना खुशालीचे फोन करते. बाई उड्या मारत नाहीत हल्ली, पण जिना उतरून खाली जेवायला येतात आणि मीठ कमी असल्याचं सांगतात.

मागच्या महिन्यात एक तरुण जोडपं कडेवर बाळ घेऊन गल्लीत आलं. बेकरीवाल्याचा वरचा मजला बघायला. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. त्या मुलीनं फाटकाशी थांबून विचारलं, "काकू, इथे राहायला कसं आहे हो?"

"ऊन लवकर जातं," ती म्हणाली. "डोंगर आड येतो. बाळाचे कपडे सकाळीच वाळत घाला. थंडीत पाइपातलं पाणी गोठल्यासारखं येतं. बस चुकली तर दुसरी लवकर नाही. ओढ्याला पाणी आलं होतं एकदा, आता पूल आहे, पण जाळी साफ करावी लागते, त्यात तुमचीही पाळी येईल." मग तिला वाटलं, हे फारच झालं. "मुलांना बरं आहे," ती म्हणाली. "रस्त्यावर सोडता येतात."

"तुमचं स्वतःचं घर आहे का हे?" त्या मुलीच्या नवऱ्यानं विचारलं.

"नाही, भाड्याचं," ती म्हणाली आणि टोपलीतला पुढचा शर्ट झटकला.