पाण्यातला पट्टा आणि आमच्या गणपतीचा शेला

वहिनी गेल्या, आणि काल शोकसभेत सगळे त्यांच्या पुरणपोळीवर बोलले.

त्या इंजिनिअर होत्या. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या अर्ध्या गल्ल्यांना पाणी पोचवणाऱ्या पंपहाऊसवर त्यांनी उमेदीची वर्षं घालवली. त्यावर एकही जण बोलला नाही.

का बोलले नाहीत, ते सभेतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला ठाऊक आहे. मलाही.

म्हणून आज इथे लिहितो. मी शाळा अर्धी सोडलेला माणूस, दाल बाजारामागे लेथ मशीन चालवून पोट भरलं. चूकभूल सांभाळून घ्या.

कालव्याचं पाणी पंपात शिरण्याआधी तिथे एक उभी जाळी फिरत असते. रहाटासारखी. पाला, चिंध्या, पिशव्या अडवायच्या, वर आणायच्या, फवाऱ्याने धुऊन बाजूला पाडायच्या.

आमच्याकडची जाळी लोखंडी होती. साखळीला गंज, आणि खालचं चाक कायम पाण्यात. ते अडकलं की पाणबुड्या शोधा, कालवा बंद करा. तोवर घरोघर बादल्यांची रांग.

एकदा वहिनी मालनपूरच्या एका बिस्किट कारखान्यात गेल्या होत्या. तिथे भोकं असलेल्या प्लास्टिकच्या तुकड्यांचा पट्टा पाहिला. तुकड्याला तुकडा बिजागरीसारखा जोडलेला, मधून सळई. एक तुकडा तुटला तर सळई ओढायची, तेवढाच बदलायचा.

घरी आल्या त्या चप्पल न काढताच म्हणाल्या, "भावजी, तो पट्टा आडवा चालतो. उभा करून जाळीच्या जागी पाण्यात सोडला तर?"

मी म्हटलं, "वहिनी, पाण्यात बिस्किटं भाजणार कोण?"

"तुम्ही आधी दात असलेलं चाक करून द्या. चेष्टा नंतर."

करून दिलं. खालचं बुडणारं चाकच त्यांनी काढून टाकलं. त्या जागी गुळगुळीत वळणाची पट्टी, तिच्यावरून पट्टा घसरत जाणार. ना बेअरिंग, ना ग्रीस, ना पाणबुड्या.

पट्टा बसला तेव्हा राज्याचे दोन तुकडे होत होते. ऑफिसात एकच विषय, भोपाळकडे कोण आणि रायपूरकडे कोण. वहिनींना रायपूर मिळालं.

"मी जायच्या आत हा पट्टा पक्का व्हायला हवा," त्या म्हणायच्या. "माझ्यामागे कुणी भांडणार नाही त्याच्यासाठी. भंगारात घालतील."

आणि गणपती आले.

आता आमच्याबद्दल. आमच्या गल्लीच्या गणपतीचा शेला माझी आई हाताने शिवायची. लांबलचक, लाल काठाचा, जरीची पट्टी लावलेला. विसर्जनाला तो अंगावरच ठेवायचा, ही आमची रीत. "देवाला काय उघडं पाठवायचं?" असं आईचं म्हणणं.

पंपहाऊसच्या वरच्या घाटावर विसर्जनाला मनाई होती. आम्ही तिथेच जायचो. आमच्या आजोबांपासून तिथेच, असं म्हणत.

वहिनींनी त्या वर्षी हात जोडून सांगितलं होतं. "निदान शेला आणि हार तरी काढून घ्या." मंडळाने माना डोलावल्या.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पट्टा जाम. मोटर बंद, नळ कोरडे. मी हत्यारं घेऊन धावलो.

भोपाळचे मोठे साहेब पाहणीला नेमके ग्वाल्हेरात. वाकून बघत म्हणाले, "मैडम, ये बिस्किट की फैक्टरी नहीं है. पुरानी जाली वापस लगवाइए."

तेवढ्यात माझ्या आकड्याला ओलं कापड लागलं. ओढलं तर लाल काठ, जरीची पट्टी. आईचा टाका मला लांबूनही ओळखू येतो.

वहिनी म्हणाल्या, "सर, पट्टे का दोष नहीं है. विसर्जन का शेला है ये."

"यहाँ विसर्जन होता ही नहीं. मनाही है."

मी हळूच म्हटलं, "वहिनी, जाऊ द्या. चिंधी आहे म्हणा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "होता है, सर. हमारी गली करती है. ये हमारे घर का है. मेरी सास ने सिया है."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

मग त्यांनी सळई काढली, मोडलेले तुकडे बदलले, सळई परत घातली. दिवस मावळायच्या आत पट्टा फिरू लागला. साहेब बराच वेळ बघत उभे होते. जाताना एवढंच म्हणाले, "रहने दीजिए इसे."

पट्टा राहिला.

घरी आई वहिनींना म्हणाली, "घरची अब्रू वेशीला टांगलीस."

"आई, तिथे अब्रू नव्हती अडकली हो. पंपाच्या तोंडात शेला होता."

आई पुढे कित्येक दिवस त्यांच्या हातचं जेवली नाही. मंडळातले म्हणायचे, "सूनबाईंनी देवाचा पंचनामा केला." आमच्या खासगी बाजार मोहल्ल्यात कुणी ओळख दाखवेना. रायपूरच्या गाडीवर त्यांना पोचवायला दादा आणि मी, दोघंच.

निवृत्त होऊन त्या परत आल्या. पुरणपोळ्या केल्या, साऱ्या गल्लीला बोलावलं. सगळे आले, बोटं चाटून जेवले. त्या दिवसाचा विषय मात्र कुणी काढला नाही. पट्ट्याचं नाव घ्यायचं तर शेल्याचंही घ्यावं लागतं ना.

काल माईक माझ्या हातात आला. समोर तीच मंडळी, केस पांढरे झालेली.

मी म्हणालो, "वहिनी फार मायाळू होत्या." आणि खाली बसलो.

त्यांची मुलगी, माझी पुतणी, माझ्याकडे बघत होती. बाहेर चपला घालताना म्हणाली, "काका, तुम्हाला तरी माहीत होतं."

तिच्यापुढे मान वर झाली नाही माझी.

म्हणून हे सगळ्यांसमोर. पंपहाऊसचा पट्टा माझ्या वहिनींचा. तो जाम झाला तो आमच्यामुळे. टिकला तो त्या खरं बोलल्या म्हणून.

वहिनी, तुम्ही साहेबापुढे, सासूपुढे, गल्लीपुढे बोललात. मला आपल्याच माणसांत जमलं नाही.

शरमेने, पण मनापासून, तुमच्या दिराचा शेवटचा नमस्कार.