वाघोबापुढची डहाळी

काशीगावच्या वरचं जंगल सरकारनं राखीव केलं आणि मुंबईच्या लोकांना फिरायला खुलं केलं, तेव्हा माझ्या लग्नाला दोनच वर्षं झाली होती. तारेचं कुंपण आलं, झाडांवर नावांच्या पाट्या लागल्या. नवऱ्याला तिथेच राखणदाराची नोकरी मिळाली. खाकी कपडे आणि शिट्टी. घरात पहिल्यांदाच महिन्याचा पगार येऊ लागला.

आणि सासू त्याच जंगलातून रोज सुकी लाकडं आणायची.

आमच्याकडे रानात शिरताना वाघोबाच्या दगडापुढे हिरवी डहाळी ठेवायची रीत होती. आत जातेय, सांभाळ, असं त्याला सांगायचं. तो दगड आता कुंपणाच्या आत गेला होता. सासू तार वाकवून शिरायची आणि न चुकता डहाळी ठेवायची. आज कोणीतरी आत आलंय हे ती ताजी डहाळी बघून कुणालाही कळलं असतं.

नवरा म्हणायचा, "आई, लाकडं आण, पण डहाळी ठेवू नको. साहेबाला संशय आलाय. माझी नोकरी जाईल."

"न इचारता आत जाऊ? मी काय चोर हाय?"

"सरकारच्या लेखी चोरच."

"तुजा सरकार काल आला. वाघोबा कवापासून हाय?"

शेवटी ती आत गेली की तो मागून जाऊन डहाळी उचलून फेकायचा. तिला ते ठाऊक नव्हतं.

एकदा तो तापानं फणफणला. मला म्हणाला, "आज तू जा, डहाळी उचलून ये." मी हो म्हटलं आणि गेले नाही. विसरले नव्हते. म्हातारी एकदा पकडली गेली की घरी बसेल, राखणदाराची आई म्हणून दम देऊन सोडतील, असा माझा हिशेब. रोजची धाकधूक मला नको झाली होती.

ताजी डहाळी बघून साहेब दगडापाशीच थांबला. ती मोळी घेऊन आली तशी तिला धरली. नवऱ्याला अंथरुणातून उठवून नेलं. मीही मागून गेले.

"तुझी आई ना? मग तिच्या हातातला कोयता तूच काढून घे. नाहीतर उद्यापासून येऊ नको."

त्यानं हात पुढे केला. तिनं कोयता दिला. म्हणाली, "ताप हाय तुला. घरी जा."

नोकरी राहिली. सासू पुन्हा रानात गेली नाही. मी स्टोव्हवर भाकऱ्या करायची, ती अर्धी खाऊन उठायची. दोन वर्षांत गेली. नवऱ्यानं एकदाच विचारलं होतं, "त्या दिवशी गेली होतीस ना?" मी म्हटलं, "गेले होते. आधीच साहेब येऊन बसला होता." त्यानं ते खरं मानलं.

पुढे एका रविवारी मुलीला घेऊन तिथे गेले, तिकीट काढून. दगडाला कोणी चुना फासला होता. बाजूला पाटी होती. चौथीपर्यंत शिकलेय, तेवढी वाचता आली. पानं, फांद्या तोडू नयेत.

"आई, हा कसला दगड?"

"वाघोबा आहे. चल पुढे."