एकशे दहाच्या आत

आधीच सांगतो, भूतबित, नजर, करणी असलं मी काही मानत नाही. सगळं आयुष्य मशिनं दुरुस्त करण्यात गेलं. बिघाड असतो आणि बिघाडाला कारण असतं, एवढंच मला कळतं. म्हणून तर ही गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही... लोक मलाच हसले असते.

९६ साल. गिरगावातली खोली सोडून आम्ही मीरा रोडला आलेलो – मी, आई, बाबा. मी हाटकेशला एका छोट्या युनिटमध्ये कामाला. त्या वर्षी बाबांना अटॅक येऊन गेला. डॉक्टर म्हणाले, रोज वीस मिनिटं सायकल चालवा, पण पल्स एकशे दहाच्या आत ठेवा. मग मी घरात चालवायची सायकल आणली. कानाच्या पाळीला क्लिप लावायची, की समोरच्या, सेलवर चालणाऱ्या डब्यावर ठोक्यांचा आकडा दिसायचा. रोज आंघोळ करून बाहेर आलो की मी तो बघायचो आणि आई नवा गॅस सिलिंडर लावल्याची खूण करायची त्याच कॅलेंडरवर, तारखेच्या चौकोनात लिहायचो. पुढे 'ओके'.

तीन महिने सगळं ओके होतं.

एका रविवारी, सकाळी दहाची वेळ. लाईट गेलेले. बाबा पेपर आणायला खाली, आई दळणाचा डबा घेऊन काशीगावला – जवळचा गिरणीवाला पीठ जाड काढतो म्हणून. मी चहा पीत होतो. सहज बघितलं तर सायकलच्या डब्यावर आकडा. ११८.

क्लिप हँडलला लटकत होती. ह्या क्लिपा उजेडाच्या सेन्सरवर चालतात, ट्यूबलाईटने फसतात, हे मला माहीत होतं. पण लाईटच नव्हते ना. खिडकी लावून घेतली... १२६. क्लिप स्वतःच्या कानाला लावली... १३१. मनगट धरून मोजलं, तर माझे ठोके नव्वदसुद्धा नाहीत. बाबा!

तसाच स्लीपर घालून खाली पळालो. बाबा नाक्यावर पेपरवाल्याशी गप्पा मारत उभे, अगदी मजेत.

"बाबा, बरं वाटतंय ना? मशीन एकशे तीसच्या वर दाखवतंय."

बाबांनी नजर चुकवली. "माझे नसतील रे ते... ती क्लिप मला चिमटते. मी लावतच नाही."

"मग रोजचे आकडे कुणाचे?"

"तुझ्या आईचे. ती बाजूला तांदूळ निवडत बसते ना, तिच्या कानाला लावून ठेवायचो. बाथरूमची कडी वाजली की माझ्या कानाला. आकडा जरा वेळ तसाच राहतो." मग हळूच म्हणाले, "तिच्यावर ओरडू नकोस. मीच तिला सांगू नको म्हटलेलं."

मी ओरडलो नाही. रिक्षा थांबवली आणि बाबांना घेऊन काशीगावला निघालो.

आई गिरणीच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसली होती. घामाने पाठ भिजलेली, ओठ पांढरे. "काही नाही रे, ऊन लागलंय. लाईट आले की दळण घेऊन येते."

डबा तिथेच टाकून तिला भाईंदरच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर गेला असता तर कठीण होतं. मग विचारलं, "तुम्हाला कळलं कसं?" बाबांनी औषधांची चिठ्ठी मागून घेतली.

आई वाचली. पुढे चांगली अकरा वर्षं जगली. सायकलचा डबा मी उघडला. सेल, वायर, सर्किट, सगळं चार-चार वेळा तपासलं. बिघाड नाही. पुन्हा त्या सायकलने असा आपोआप आकडाही कधी दाखवला नाही. का दाखवला होता, मला आजही सांगता येत नाही.

पण त्या दिवशी आईचे कपडे न्यायला घरी आलो तेव्हा कॅलेंडर समोरच होतं. पानं मागे उलटली. ८४. ८८. ९३. शेवटच्या आठवड्यात १०२, १०४... एका जागी बसून तांदूळ निवडणाऱ्या बाईचे.

आणि प्रत्येक आकड्यापुढे, माझ्याच अक्षरात, 'ओके'.