पळीभर अळणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आक्काला तर नाहीच — आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, आणि हे सगळं तिच्याच लेकीबद्दल आहे. त्या लेकीला, शीतलला, मात्र सांगितलं, तेही परवा. मधल्या काळात तिचं कॉलेज संपलं, लग्न झालं, पोरगं झालं, ते पोरगं बालवाडीत जायला लागलं. एवढा वेळ मला तोंड उघडायला लागला. आता तुम्हाला सांगतोय, कारण एकदा सांगितल्यावर उरलेलं पोटात ठेवायला जागा राहिली नाही.

आमच्या पै-पाहुण्यांत माझी एक गोष्ट सांगतात. पंगतीला बसलं की कुणीतरी सुरू करतंच — "शीतलला मटण बाधायचं, मग कोंबडीपण बाधाय लागली, तर ह्या मामानं तिच्यासाठी जिल्हा पालथा घातला. बदक काय, टर्की काय, खेकडं काय!" मग माझ्या पाठीवर थाप पडते. मी मान खाली घालतो. लोकांना वाटतं, विनय.

त्या गोष्टीत एकच शब्द खोटा आहे. 'कोंबडीपण.'

शीतल कोडोलीहून आमच्याकडं शिकायला आली तेव्हा अठराची असेल. आक्कानं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "तुझी लेक समजून सांभाळ." मला मूलबाळ नाही, हे तिला माहीतच होतं. मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस. परीक्षानळ्या धुवायच्या, आम्लाच्या बाटल्या कुलपात ठेवायच्या, लिटमस निळा होतो का तांबडा ते पोरांच्या खांद्यावरून बघायचं. बघायची हौस मला पहिल्यापासून. आणि रविवारचा स्वयंपाक माझा — मटण, तांबडा, पांढरा. बायको त्या दिवशी चुलीकडं फिरकायची नाही. माझ्या पांढऱ्या रश्श्याला गल्लीत नाव होतं. नाव होतं म्हणजे, मलाच तसं वाटायचं.

शीतल दर रविवारी दुपारी पोटभर जेवायची आणि संध्याकाळी तिच्या अंगावर गांधी उठायच्या. ओठ सुजायचे. आम्ही कशाकशाला दोष दिला! चटणीला, शेंगदाण्याला, नव्या साबणाला, गच्चीवरच्या कबुतरांना. मटणावर कुणाचा संशय जाणार? दुपारी खाल्लेलं बाधायचं तर ताटावरच बाधेल की; संध्याकाळपर्यंत कशाला थांबेल? शेवटी एका डॉक्टरांनी तिला विचारलं, संध्याकाळचं सोड, दुपारी काय खाल्लंस? रक्त तपासलं आणि सांगितलं — काही जणांना मटण असंच बाधतं, तासांनी. बोकड, मेंढी, सगळं बंद. दूध पचतंय तर चालू दे. "सोप्पं लक्षात ठेवा," ते म्हणाले, "चार पायांचं नको. दोन पायांचं चालेल."

मला हे फार आवडलं. रस्त्यानं जाताना मी जनावरांचे पाय बघायला लागलो.

त्यानंतर रविवारी दोन पातेली. एक मटणाचं, एक शीतलच्या कोंबडीचं. कित्येक महिने ती कोंबडी खात होती आणि तिला काही म्हणजे काही झालं नाही. हे नीट लक्षात ठेवा. मी तर विसरलेलो नाहीच.

मग माझं काय बिघडलं? तेच शोधतोय.

एक तर कोंबडीच्या अळण्याला अंग नसतं. अळणी म्हणजे आमच्याकडं मटण नुसतं हळद-मीठ, आलं-लसूण घालून शिजवलं की जे पाणी सुटतं ते. बाळंतिणीला देतात, दात न आलेल्या पोराला देतात. त्यातच नारळाचं दूध, तीळ, खसखस पडली की पांढरा रस्सा. कोंबडीचं अळणी घेऊन तोच रस्सा केला तर दिसतो पांढरा, पण जिभेवर थांबत नाही. शीतल चिडवायची — "मामा, आज पण पाणी गरम करून वाढलंय व्हय?" सगळे हसायचे. मीही हसायचो. पण लागायचं कुठंतरी.

आणि दुसरं — आमची एक आत्या. डॉक्टरांचं ऐकून ती म्हणाली, "मटान नगं म्हणालाय न्हवं? रस्सा नगं आसं कुटं म्हणालाय?"

तुम्ही हसाल. पण कोल्हापुरात हा विनोद नाही. आमच्यात माळकरी झालेला माणूससुद्धा कधीकधी वाटी पुढं करून "फोडी नकोत, नुसता रस्सा घाला" म्हणतो, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मटण म्हणजे फोडी. रस्सा म्हणजे रस्सा. अळणी म्हणजे तर — पाणीच की! मी शाळेच्या प्रयोगशाळेतला माणूस. पाण्यात काय काय विरघळतं ते मला आत्याहून चांगलं माहीत होतं. तरी तिचं वाक्य डोक्यातून जाईना. खरंच बाधत असेल? फोड नसताना? का पोरीनं मनात घेतलंय? इतक्या उशिरानं बाधणारं अन्न असतं तरी का?

मला बघायचं होतं. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडं नाही. राग नव्हता, द्वेष नव्हता. असता तर कदाचित सांगायला सोपं गेलं असतं.

त्या रविवारी शेजारी-शेजारी दोन पातेली उकळत होती. बायको बाहेर कांदा चिरत होती. मी मटणाच्या पातेल्यातलं अळणी पळीभर घेतलं आणि कोंबडीच्या रश्श्यात ओतलं. ढवळलं, झाकण ठेवलं.

शीतलनं पहिला भुरका मारला आणि डोळेच मोठे केले. "मामा! आज जमलाय की!" वाटी पुढं केली. मी परत वाढला. ती तिसऱ्यांदाही मागेल म्हणून मी पळी हातातच धरून बसलो होतो — हे मला अजून दिसतं.

दुपारभर मी वर्तमानपत्र घेऊन तिच्या समोर बसलो. पानं उलटत होतो आणि तिच्या हातांकडं बघत होतो. काही नाही. चहाची वेळ झाली, काही नाही. खोटं कशाला बोलू — मला आनंद झाला. आत्या बरोबर, डॉक्टर चूक, आणि माझा रस्सा निर्दोष. दिवे लागायच्या सुमाराला शीतल तळहात खाजवत बाहेर आली. मग मान. मग ओठ. आणि मग आधी कधी झालं नव्हतं ते झालं — तिला श्वास पुरेना. माझ्या दंडाला धरून ती काहीतरी सांगायला बघत होती आणि तिचा आवाज फुटत नव्हता.

रिक्षात घालून नेली. इंजेक्शन दिलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं?"

"कोंबडी," मी म्हणालो.

"मटणाचा काही संबंध? तेच भांडं, तीच पळी? जरासं इकडचं तिकडं?"

शीतल समोर खाटेवर होती, डोळे मिटून. सांगायचं ते तिथंच सांगायचं होतं. एक शब्द. मी म्हणालो, "न्हाई हो. वेगळंच करतो आम्ही."

बघा — पळी हा मूर्खपणा होता. हे मात्र मी शुद्धीवर राहून केलं. पोरीला धाप लागलेली असताना डॉक्टरला चुकीची माहिती दिली, आणि का? तर आक्का काय म्हणेल म्हणून.

डॉक्टर म्हणाले, मग आता कोंबडीही बंद ठेवू, आणि एकदा रक्त तपासून खात्री करून घेऊ. मी लगेच पुढं झालो. "कशाला परत पोरीला सुया? न्हाई खाल्ली कोंबडी तर काय बिघडतंय!" आक्का कोडोलीहून धावत आली होती, तिलाही ते पटलं. शीतल तर इतकी भ्यालेली होती की कशालाही हो म्हणाली असती. तपासणीत खरं बाहेर आलं असतं. म्हणून मी तपासणीच होऊ दिली नाही.

आणि तिथून माझं ते मामापण सुरू झालं, ज्याच्या गोष्टी सांगतात.

बिद्रीच्या बाजूला एकानं टर्की पाळल्यात असं कळलं, गेलो. "पावणं, किती मानसांचं जेवान?" "एकीचं." तो माझ्याकडं बघतच राहिला. "आवो टर्की हाय ती, चिमनी न्हवं! सासर-म्हायेर दोन्ही जेवंल." बदक आणलं, ते शिजता शिजेना, कुकर शिट्ट्या मारून दमला. पाळलेल्या बटेरी आणल्या, मुठीएवढ्या; बायको म्हणाली, "ही खायची का कानात घालायची?" पावसाळ्यात गगनबावड्याहून खेकडे आणले, पिशवीतून एक निसटून एसटीभर फिरला. शीतल खेकडा उलटा करून पाय मोजायला लागली. "मामा, चार पायांचं एवढं करतंय, मग हे धा पायांचं काय करंल वो?"

हसत होती. पण प्रत्येक नवं मांस चाखायच्या दिवशी ती गोळ्यांचं पाकीट मुठीत धरून बसायची. एक घास खायचा, आणि मग संध्याकाळपर्यंत ताठ, भिंतीला पाठ लावून, स्वतःच्या अंगाकडं बघत. दर अर्ध्या घटकेनं तळहात उलटून बघायची. मी शेजारी बसायचो. एकदा म्हणाली, "तुम्ही हायसा म्हणून मी खाते."

आणि मला — हे सांगायला जड जातंय — मला त्या शोधात मजा यायची. कोणत्या मांसाच्या अळण्याला किती अंग असतं, टर्कीचा पांढरा रस्सा मटणाच्या किती जवळ जातो, नदीच्या मरळ माशाला तीळ सोसतो का. मी खरंच रमलो होतो. लोक वाहवा करत होते. कोपऱ्यावरच्या दुकानात साधी कोंबडी टांगलेली असायची, तिच्यावरून मी रोज जात होतो.

शीतल आता इचलकरंजीला असते. पोराला तिनं कधी कोंबडी दिली नाही — "माझ्यावर गेला असला तर?" कुणाच्या वाढदिवसाला गेला तरी डबा घरचा. मला हे माहीत होतं. माहीत असून मी जेवत होतो, झोपत होतो.

गेल्या आठवड्यात आमच्या एका पाहुण्यांकडं बारसं होतं. पंगतीत पोरानं शेजारच्या ताटातला कोंबडीचा तुकडा उचलून तोंडात घातला. शीतलनं बोट घालून तो बाहेर ओढला. पोरगं रडायला लागलं. त्याला तो आवडला होता. शीतलनं त्याचं तोंड पुसलं. माझ्याकडं बघून पोराला म्हणाली, "इचार मामा-आजोबांना. त्यांनी बघितलंय मला काय झालतं ते."

पोरगं माझ्याकडं बघायला लागलं.

मी म्हणालो, "बाधतंय बाळा. खायाचं न्हाई."

इतकी वर्षं गप्प राहून केलेलं पाप वेगळं. हे मी नव्यानं केलं, तोंडानं, एका लहान पोराशी.

परवा इचलकरंजीला गेलो. ती भाजी निवडत होती. मी उभ्या-उभ्याच सांगितलं — पळीचं, डॉक्टरांचं, तपासणी मोडली त्याचं. वळसे घेतले नाहीत. तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "मला वाटायचं, माझं अंगच माझ्याशी खोटं बोलतंय. कोंबडी इतके महिने चालली आणि एक दिवस अचानक... म्हणजे आज जे चालतंय ते उद्या चालंल का, काय भरवसा? बाळंतपणातसुद्धा वरण-भाताला भीत होते मी." तळहात उलटून बघितले. "अंग बरोबर होतं तर माझं."

मी व्हय म्हणालो.

"पोराला घेऊन जाते आता डॉक्टरकडं. मलाबी तपासून घेते." मग भाजीकडं बघत, "आईला मी सांगीन. तुम्ही सांगू नका."

मी बरं म्हणालो.

"जावा आता मामा."

एरवी भाकरी खाल्ल्याशिवाय ती मला उंबरा ओलांडू द्यायची नाही. दारात चप्पल घातली. आत काही आवाज येत नव्हता — ती रडत होती, का परत भाजी निवडत होती, का नुसती बसून होती, ते मागं वळून बघावं असं फार वाटलं.

बघितलं नाही.